कलाप्रकाराचा रकाना

आमच्याच ऑफिसचं पत्र माझ्याच घरी यावं आणि ते मलाच मोठ्यानं वाचून दाखवावं लागावं, हा प्रकार तसा हसण्यासारखा होता. दुसऱ्या कोणाच्या बाबतीत घडला असता तर चहाच्या गाड्यावर मी तो रंगवून सांगितला असता. संध्याकाळी दसरा चौकातून चालत घरी आलो, चपला काढत होतो, तोवर आईनं हात पुढे केला. हातात लांब पाकीट. कुरुंदवाडच्या पत्त्यावर गेलेलं, दुपारी गावच्या कोणीतरी कामाला येताना आणून दिलेलं. आईला वाचता येत नाही, पण पाकिटावरचं तुणतुण्याचं चित्र ती ओळखते. तेवीस वर्षं माझ्या पिशवीवर, डायरीवर, भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिनं ते पाहिलेलं आहे. "तुझ्याच हापिसाचं हाय न्हवं? वाच की," ती म्हणाली. मी उभ्याउभ्याच वाचायला लागलो. दक्षिण विभागीय प्रयोगकला परिषद, कोल्हापूर, आपल्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त, भजन क्षेत्रातील प्रदीर्घ सेवेबद्दल, कै. आकाराम सटवा कांबळे यांचा मरणोत्तर गौरव करीत असून, वारसांनी समक्ष उपस्थित राहावे. वाचताना 'भजन' हा शब्द मी गाळला. 'क्षेत्रातील प्रदीर्घ सेवेबद्दल' एवढंच राहिलं, आणि कुठल्या क्षेत्रातील हे आईनं विचारलं नाही. 'कै.'चं मी 'कालकथित' केलं. माझ्या वडिलांना कैलासात पाठवायचं काम आमच्या नव्या कॉम्प्युटरनं केलं होतं. रजिस्टरात मी स्वतः 'कालकथित' लिहिलेलं होतं. पण भजनाचं पाप कॉम्प्युटरचं नव्हतं. ते त्यानं माझ्या अक्षरावरून उतरवून घेतलं होतं.

आई मात्र खुलली. इतक्या वर्षांनी का होईना, तिच्या माणसाची आठवण झाली होती. कुठलं पातळ नेसायचं ते तिनं निशाला, म्हणजे माझ्या बायकोला, तेव्हाच सांगून टाकलं. पांढरं, कडेला निळा काठ असलेलं. मग जरा वेळानं, कोथिंबीर निवडता निवडता, सहज म्हणाली, "त्यो कारकून हाय का रं अजून? असला तर त्येला बी बोलीव म्हनावं. म्होरं बसू दे. बगू दे." मी म्हणालो, तो कधीच बदलून गेला. हे मी तिला दहा वर्षांत किती वेळा सांगितलं असेल कोण जाणे. त्या कारकुनाची बदली मी एकदा सांगलीला केली होती, एकदा रत्नागिरीला. तिला ते कधी खटकलं नाही.

त्या दिवसांत मी परिषदेचा इतिहास लिहीत होतो. म्हणजे साहेबांनी लिहायला सांगितला होता. चाळीस पानं, त्यातली बारा संदेशांची आणि आठ फोटोंची. उरलेल्या वीस पानांत पंचवीस वर्षं बसवायची. हे काम माझ्याकडे का, तर बाकी सगळे नंतरचे. परिषद एकोणऐंशी साली सुरू झाली तेव्हा एका शाळेच्या मागच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि कोणीतरी भेट दिलेली पायपेटी होती. मी एक्क्याऐंशीला लागलो. पायपेटी अजून आहे. तिच्यावर आता आम्ही आवक टपालाचा ट्रे ठेवतो. या काळात सात अध्यक्ष झाले. मुंबईत सरकार बदललं की इकडे कमिटी बरखास्त व्हायची आणि नवी यायला दीड-दोन वर्षं लागायची. तेवढ्या काळात आम्ही फक्त हजेरी लावायचो आणि खिडकीतून समोरच्या पिंपळाकडे बघायचो. महोत्सवाचा कापडी फलक एकच होता. साल तेवढं दरवर्षी पांढऱ्या रंगानं पुसून नवं काढायचं. शेवटी शेवटी त्या जागी रंगाचं एवढं जाड पुट चढलं की फलक गुंडाळताना साल तडकायचं. असलं काही इतिहासात लिहिता येत नाही. तिथं 'परिषदेने उत्तरोत्तर प्रगती केली' असं लिहावं लागतं, आणि ते मी लिहिलंही; न थांबता, एका बैठकीत. अशी वाक्यं माझ्या हातात आता आपोआप येतात. कंटाळा इतका मुरला आहे की तो कंटाळा आहे हेही जाणवत नाही. फक्त शेवटच्या परिशिष्टापाशी मी अडलो होतो. 'नोंदणीकृत कलापथके' : अनुक्रमांक, पथकप्रमुख, गाव, कलाप्रकार. एक ते दोनशे बारा. ते परिशिष्ट मी आठ दिवस पुढे ढकलत होतो, आणि नेमकी त्यातलीच एक नोंद पाकिटातून घरी आली होती.

वडिलांचा जलसा होता. नव्या पहाटेचा जलसा, असं त्यांनी नाव ठेवलेलं. पाच-सहा माणसं, एक ढोलकी, एक हलगी, डफ, आणि इचलकरंजीच्या मागावर काम करणारे दोघे झिलकरी, म्हणजे साथीला सूर धरणारे, ज्यांच्या पाळ्या बघून कार्यक्रमाची तारीख ठरायची. मिरजेपासून इकडे कागलपर्यंत वाड्यावस्त्यांवर ते जायचे. गण म्हणायचा नाही, गवळण नाही. सुरुवातच बाबासाहेबांच्या वंदनेनं. मग सवाल-जवाब, पण ते गवळणींचे नव्हेत, पाण्याचे आणि शाळेचे. मी लहान असताना कंदिलाच्या बाजूला बसून त्यांच्या गळ्याची शीर बघत असे. ती फुगली की पुढच्या ओळीला माणसं उठून उभी राहणार हे मला आधी कळायचं. छप्पन्न साली या माणसानं घरातले देवांचे टाक स्वतःच्या हातानं फडक्यात बांधून पंचगंगेत सोडले होते. नदीपलीकडे नरसोबाची वाडी, तिथल्या आरतीची घंटा आमच्या अंगणात ऐकू येते. लोक म्हणाले होते, आकाराम, उद्या पश्चात्ताप करशील. त्यांनी तो कधी केल्याचं मी पाहिलं नाही. सत्तावन्नला मी झालो, तर माझं नाव त्यांनी पोथीपुराणातलं ठेवलं नाही. बुद्धाच्या वेळच्या राजाचं ठेवलं. गावात ते कोणाला नीट म्हणता यायचं नाही. मास्तर 'परशा' म्हणायचे. वडील शाळेत जाऊन सांगून आले की नाव पूर्ण घ्या. शब्दाबद्दल ते असे होते.

त्यांची एकच इच्छा होती, आणि ती त्यांनी मला एकदाच बोलून दाखवली. कोल्हापुरात, शाहू महाराजांच्या गावात, मोठ्या नाट्यगृहाच्या रंगमंचावर उभं राहून एकदा गायचं. वाड्यावस्त्यांवर तीस वर्षं गायलो, एकदा तिथं. मी म्हटलं, त्यात काय अवघड आहे, मी आहे ना परिषदेत. त्र्याण्णव साली नोंदणी सुरू झाली. नोंद असेल त्यालाच महोत्सवाचं बोलावणं. छापील रजिस्टर वरून आलं होतं. त्यात चौथा रकाना कलाप्रकाराचा, आणि त्यात काय लिहायचं त्याचीही यादी वरूनच आलेली : तमाशा, शाहिरी, भजन, गोंधळ, वाघ्या-मुरळी, धनगरी गजनृत्य, नाट्य. सात. जलसा नव्हता. 'इतर' नव्हतं. मी साहेबांना विचारलं, साहेबांनी वर विचारतो म्हणून सांगितलं, आणि वरून उत्तर आलं नाही. शाहिरीत बसवावं, तर शाहिरीला तज्ज्ञांपुढे पोवाड्याची चाचणी होती आणि तज्ज्ञ कोण येणार ते मला ठाऊक होतं. तमाशा लिहिला असता तर वडिलांनी माझं तोंड बघितलं नसतं. भजनाला मात्र चाचणी नव्हती. गावच्या सरपंचाचा दाखला पुरे. मुदतीचा शेवटचा दिवस होता. मी विचार केला, रकान्यातला शब्द कोण बघतंय, एकदा रंगमंचावर उभे राहिले की त्यांना काय गायचं ते गातील. असा विचार कारकूनच करू शकतो. अनुक्रमांक एकशेसतरा, आकाराम सटवा कांबळे, कुरुंदवाड, भजन. अक्षर सुरेख आलं होतं. माझ्या अक्षराचं ऑफिसात कौतुक आहे.

पुढच्याच वर्षी बोलावणं गेलं. सकाळी नऊचं सत्र. ते पहिल्या एसटीनं आले, पाच जण, धुतलेले सदरे, निळ्या टोप्या. हलगी शेकायला त्यांनी नाट्यगृहामागं पालापाचोळा पेटवला तेव्हा वॉचमन ओरडला आणि वडील त्याच्याकडे बघून हसले. इतके खुशीत मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. मी विंगेत यादी घेऊन उभा होतो. पडदा सरकला. मागच्या फलकावर थर्मोकोलची अक्षरं होती : भजन विभाग. निवेदकानं माझ्याच यादीतून वाचलं, कुरुंदवाडचे आकाराम कांबळे आणि त्यांचे भजनी मंडळ. वडिलांनी मागं वळून फलक बघितला. वाचायला वेळ लागला, ते रात्रशाळेत शिकलेले. मग त्यांनी विंगेत माझ्याकडे बघितलं. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. त्यांना गाता आलं असतं. मी मनात म्हणत होतो, गा, आबा, आता तुमचंच गा, कोण अडवतंय. पण त्यांनी माइक खाली ओढला आणि शांतपणे म्हणाले, "पावणं, आमी चुकून आलोय. जय भीम." आणि उतरले. चार-दोन जण हसले, कोणी टाळ्या वाजवल्या. दोन मिनिटांत पुढचं मंडळ टाळ घेऊन बसलं. महोत्सवाच्या अहवालात मी लिहिलं, सकाळचे सत्र उत्साहात पार पडले.

स्टँडवर मी त्यांना सोडायला गेलो. झिलकरी चिडले होते, ऑफिसात जाऊन जाब विचारूया म्हणत होते. वडिलांनी शेंगांची पुडी घेतली, सगळ्यांना वाटली, माझ्या हातावरही मूठभर ठेवली. म्हणाले, "कुटल्या तरी कारकुनानं चूक केली. सोडा." मी तिथंच उभा होतो, हातात शेंगा घेऊन. गाडी सुटल्यावर कितीतरी वेळ त्या माझ्या हातातच होत्या. त्यानंतर ते गायले नाहीत. विचारलं तर घसा बसलाय म्हणायचे. आता गावोगाव कॅसेटी झाल्या होत्या, जयंतीला भिंतीएवढे स्पीकर येऊ लागले होते, मागावरच्या पोरांना पाळी बुडवून येणं परवडत नव्हतं. जलसा तसाही मोडायलाच आला होता, असं मी स्वतःला सांगतो. त्यात खोटं काही नाही. पण जे आपोआप मोडणार होतं त्याला शेवटचा धक्का मी दिला, हेही खरं आहे. अठ्ठ्याण्णवला ते गेले. माझ्याशी त्या विषयावर चकार शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर मला बरं वाटलं असतं, म्हणून राग येतो मला त्यांचा, अजून येतो.

आईला त्यांनी तेच सांगितलं होतं : एका कारकुनानं आकारामला भजनी केला. वडील गेल्यावर मी तिला इकडे आणलं. माझं उजवं मनगट दुखतं, तेवीस वर्षं लिहून लिहून धरलं आहे. संध्याकाळी ती वाटीत तेल कोमट करून आणते, माझा हात मांडीवर घेते आणि चोळत बसते. चोळताना तिला जुनं आठवतं. मग ती त्या कारकुनाकडे वळते. "त्येच्या हाताला वळान न्हाई म्हनावं. झडू दे त्यो हात," असं म्हणत ती अंगठ्यानं माझ्या शिरा मोकळ्या करत असते. मी डोळे मिटून बसतो. सहा वर्षं हे चाललं आहे. तेलानं आराम पडतो, हे वाईट आहे.

पत्र आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी विजयसिंह साहेबांकडे गेलो. ते परिषदेचे कार्यवाह, वयानं माझ्याहून लहान, माणूस वाईट नाही. मी सांगितलं, एकशेसतराची नोंद चुकीची आहे, भजनाऐवजी जलसा पाहिजे. त्यांनी नियमांची वही काढली. कलाप्रकारात नंतर बदल करता येत नाही. समजा केला, तर जलसा मंजूर यादीत नाही, म्हणजे नोंदच बाद. नोंद बाद म्हणजे गौरव नाही आणि परिशिष्टात नावही नाही. "कांबळे, कशाला उकरून काढताय," ते म्हणाले. "आईंना शाल मिळतीय, वडिलांचं नाव पुस्तकात येतंय. शब्दाचं काय एवढं?" मी विचारलं, रद्द करायची झाली तर? तर वारसाचा अर्ज लागेल, ते म्हणाले, कारणासह. आणि माझ्याकडे नीट बघून पुन्हा म्हणाले, विचार करा, पंचवीस वर्षांच्या इतिहासात तुमच्या वडिलांची एवढी एकच ओळ आहे.

ती ओळ मी आठ दिवस डोक्यात घेऊन हिंडलो. रंकाळ्यावर बसलो, बिंदू चौकात विनाकारण उभा राहिलो. ओळ राहू द्यावी, तर आई पांढरं पातळ नेसून रंगमंचावर जाणार, आणि निवेदक पुन्हा तोच शब्द उच्चारणार, त्याच नाट्यगृहात. या वेळी 'चुकून आलोय' म्हणायला वडील नाहीत, आणि आई काय म्हणेल ते मला माहीत होतं. ओळ काढावी, तर माणूसच गेला. उद्या कोणी हे पुस्तक उघडलं तर कुरुंदवाडात कोणी आकाराम कांबळे गात होता हे त्याला कळायचं नाही. तीस वर्षांचा गळा, आणि सरकारदरबारी त्याची खूण म्हणजे एक चुकीचा शब्द. तो खोडायचा अधिकार माझा नव्हता. एकदा मी त्यांच्या वतीनं ठरवलं होतं, तेवढं पुरे होतं.

रविवारी दुपारी, निशा माहेरी गेलेली असताना, मी आईपुढे बसलो आणि पत्र पुन्हा वाचलं, या वेळी शब्द न गाळता. भजन म्हटल्यावर तिचे हात थांबले. मी साहेबांचं सगळं सांगितलं : ठेवलं तर असं, काढलं तर तसं. ती फार वेळ लावेल असं मला वाटलं होतं. तिनं लावला नाही. "मग खोड की," ती म्हणाली. "त्येंनी द्येव पान्यात सोडलं. ही शाल घिऊन मी कुटं जाऊ?" मी कागद घेतला आणि अर्ज लिहायला लागलो. अर्जदार बनाबाई आकाराम कांबळे. विषय, नोंद क्रमांक एकशेसतरा रद्द करणेबाबत. कारण, कारकुनी चूक. एवढं तिला वाचून दाखवलं तर म्हणाली, नुसतं कारकुनी काय, त्या कारकुनाचं नाव लिही अर्जात, साहेबाला कळू दे. मी पेन धरून बसलो. पुन्हा रत्नागिरी सांगता आली असती. नाव विसरलो म्हणता आलं असतं. पण मी दमलो होतो. खोटं बोलण्याचाही एक शीण असतो, तो रोज थोडा थोडा साठतो. मी लिहिलं आणि लिहिलं तसंच मोठ्यानं वाचलं : सदर नोंद त्या वेळचे लिपिक प्रसेनजीत आकाराम कांबळे यांनी केली होती.

ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे, त्यावरच्या तुणतुण्याकडे बघत राहिली. गल्लीत कोणीतरी मोटारसायकल सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. मग तिनं विचारलं, "त्यास्नी ठावं हुतं?"

"हो," मी म्हणालो.

"आन मला कुटला तरी कारकून म्हनाले."

तिनं डावा हात पुढे केला. मी शाईचा पॅड उघडून धरला. अंगठा तिनंच टेकवला आणि तिनंच दाबला, जरा जास्तच जोरानं. मग उठून मोरीवर गेली आणि बराच वेळ हात धूत राहिली. त्या संध्याकाळी तेलाची वाटी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी मागितली नाही.

सोमवारी अर्ज दिला. साहेबांनी वाचला, माझं नाव आलं तिथं थांबले, आणि सही केली. रजिस्टरात लाल शाईनं ओळ मीच खोडली. दुसऱ्या कोणाला ते काम देणं बरं दिसलं नसतं. पट्टी लावून खोडली. मग परिशिष्ट टाइप करून शाहूपुरीत छापखान्यात पाठवलं. तीन दिवसांनी छापखानावाले सयाजीराव यांचा फोन आला. म्हणाले, "कांबळेसाहेब, एकशेसोळानंतर एकदम एकशे अठरा हाय बगा. मधला नंबर न्हाय. सरळ करून घेऊ का? खालचे सगळे एकेक वर सरकतील." मी म्हणालो, नको. ते म्हणाले, लोक चूक म्हणतील, छापखान्याला नावं ठेवतील. मी म्हणालो, ठेवू देत, आणि तिथं एक ओळ मोकळी सोडा. ओळीएवढीच. त्यांनी पुन्हा विचारलं, मोकळी? मी म्हणालो, हो.

समारंभाला आम्ही गेलो नाही. पुस्तिका मी घरी आणली. आईनं ती हातात घेऊन पालथी-सुलटी केली आणि विचारलं, कुठं होतं त्यांचं नाव. माझ्याशी एवढं ती बऱ्याच दिवसांनी बोलत होती. मी परिशिष्ट उघडलं आणि तिचं बोट त्या कोऱ्या ओळीवर ठेवलं. "वाच," ती म्हणाली. मी म्हणालो, तिथं काही नाही आई. "वरनं वाच," ती म्हणाली. मी वाचलं : एकशेसोळा, धोंडुबाई गणू वाघमोडे, पन्हाळा, गोंधळ. मग थांबलो. एक ओळ वाचायला लागतो तेवढा वेळ थांबलो. एकशे अठरा, ज्ञानू रामा हेगडे, कागल, धनगरी गजनृत्य. तिचं बोट कोऱ्या जागेवरून हललं नव्हतं.

"परत वाच," ती म्हणाली.

मी पुन्हा एकशेसोळापासून सुरुवात केली.